सहा सेकंदांची जागा

ऑपरेटरांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि बटण्याने चित्रपट थांबवला. जेवणानंतर ही तर्जनी अकराव्यांदा वर झाली होती. बटण्या आता बटणावरून बोट काढतच नव्हता.

"शेवटची ओळ पुन्हा वाच," ऑपरेटर म्हणाले.

वर्णनवालीने कागद दिव्याखाली सरकवला आणि माइकसमोर वाचते त्याच सपाट आवाजात वाचलं, "जिन्याच्या शेवटच्या वळणावर मुलगा मागे वळून आईकडे बघतो."

"चूक."

"शब्द चुकला का?"

"शब्द ठीक आहेत. तो वळत नाही."

तिने काचेपलीकडच्या बटण्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. सात वर्षांचा असताना तापात दृष्टी गेलेला हा माणूस दोन चांगल्या डोळस माणसांना ठणकावून सांगत होता, की पडद्यावरचा मुलगा वळत नाही. दुसरं कुणी असतं तर ती हसली असती. पण ऑपरेटरांना हसण्याची या ऑफिसात कुणाची छाती नव्हती.

ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मधे एक काच. अंध प्रेक्षकांना चित्रपट ऐकून कळावा म्हणून इथे त्याचं वर्णन तयार होई. दोन संवादांच्या मधे जी रिकामी जागा सापडेल, चार सेकंदांची, सहा सेकंदांची, तेवढ्यात पडद्यावर काय घडतंय ते सांगायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय आहे. ते लिहायची आणि वाचायची ती, म्हणून ती वर्णनवाली. आवाज बसवायचा तो बटण्या. लग्न झालं, टक्कल पडायला लागलं, तरी बटण्याच. आणि ऑपरेटर म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले तपासनीस. ते 'पास' म्हणाल्याशिवाय एक ओळ बाहेर जात नसे.

त्यांचा नियम एकच होता: जे दिसतं तेवढंच सांगायचं. नवी असताना तिने एकदा 'तो उदास चेहऱ्याने बसला आहे' असं लिहिलं होतं. त्यावर ऑपरेटरांनी पाऊण तास तिचा जीव खाल्ला. उदास म्हणजे भुवया कुठे असतात, तोंड उघडं असतं की मिटलेलं, आणि आपण उदास आहोत असं त्याने तुझ्या कानात येऊन सांगितलं का. ती रडकुंडीला आली होती. आता नऊ वर्षांनी तिला घरीसुद्धा 'सासूबाई रागावल्या आहेत' असं म्हणता येत नसे. 'सासूबाईंनी ताट सरकवलं' एवढंच ती नवऱ्याला सांगे, आणि तो बिचारा काय ते समजून जाई.

हा चित्रपट मात्र त्यांच्यापर्यंत पोचू नये असं तिला वाटत होतं. सोळा वर्षांचा एक मुलगा मामाच्या टोळीत कुलपं उघडायला शिकतो. हळूहळू त्या कामात तरबेज होतो, मिसरूड फुटायच्या आत टोळीचा लाडका होतो. मग एका गोदामात राखणदाराचा जीव जातो, आणि मुलगा स्वतःहून पोलिसांना मामाचं नाव सांगतो. मामाला नेतात. दुसऱ्या दिवशी त्यालाही नेतात. चित्रपट तिथेच संपतो, आणि बघणाऱ्यांचं भांडण तिथून सुरू होतं. कुणी म्हणतं, मुलगा आईकडे वळून बघतो म्हणजे तो परत येणार. कुणी म्हणतं, छे, ते शेवटचं बघणं आहे, तो आता आईचा उरलाच नाही.

ऑपरेटरांचा मुलगा सतराव्या वर्षी दुकानं फोडताना पकडला गेला होता. तीन वर्षं सुधारगृहात होता. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीही बोलत नव्हतं. म्हणून तिने आडून विचारलं होतं, "हा दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ का, काका?" त्यावर ते म्हणाले होते, "का? मी काय मेलो?" तिने विषय सोडला, पण आठवडाभर तिचा अर्धा जीव पडद्यावर आणि अर्धा त्यांच्या चेहऱ्यावर होता. चेहऱ्यावर काहीच दिसलं नव्हतं. आज पाच वाजेपर्यंत काम पाठवायचं होतं, आणि शेवटच्या सहा सेकंदांशी येऊन गाडी अडली होती.

"पावलं ऐक," ऑपरेटर म्हणाले. "बटण्या, तो जिना पुन्हा लाव. चित्र नको, नुसता आवाज."

बटण्याने पडदा काळा केला. तिघांनी कानांवरची यंत्रं घट्ट बसवली. लोखंडी जिन्यावरून तीन माणसं उतरत होती. दोघांचे बूट जड होते. तिसऱ्याच्या एका चपलेचा अंगठा सैल झालेला असावा, ती दर पावलाला फटक वाजत होती. फटक, फटक, फटक. आवाज खाली खाली जात लहान झाला आणि बंद पडला.

"थांबला का कुठे?"

"नाही," ती म्हणाली.

"चालता चालता मान वळवून वर बघणाऱ्या माणसाचं पाऊल अडतं. निदान लांबतं. जिन्यावर तर नक्कीच. याचं एकही पाऊल लांबलं नाही. तो सरळ गेला."

"पण काका, मी पाहिलंय. तीन वेळा पाहिलाय हा चित्रपट."

"मीपण पाहिलंय," बटण्या काचेपलीकडून माइकवर म्हणाला. "काल रात्री बायकोला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, वळला ना, मग येतो बघ परत."

"दाखवा मग मला," ऑपरेटर म्हणाले. स्वतःच्या या वाक्याचं त्यांना जरा हसू आलं. "म्हणजे एकमेकांना दाखवा."

बटण्याने चित्र एकेक पाऊल पुढे सरकवायला सुरुवात केली. मुलाची पाठ. मुलाची पाठ. जिन्याचं वळण, कठडा, मुलाची पाठ. मग एकदम आईचा चेहरा. ती वरच्या मजल्यावर कठडा धरून उभी आहे. तिचे ओठ विलग होतात, खांदे सैल पडतात, हात कठड्यावरून वीतभर वर येतो. मग काळोख.

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा पाठ, आणि पुन्हा आई.

"अरे, मधलं गेलं कुठे?" बटण्या म्हणाला. त्याने जुनी प्रत शोधली, मूळ प्रत उघडली, दोन्हींची लांबी ताडून पाहिली. "उंदरानं खाल्लं की काय?" सेकंदाचाही फरक नव्हता. मुलगा वळतो असं चित्र त्या चित्रपटात नव्हतंच. कधीच नव्हतं.

वर्णनवालीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. नऊ वर्षांत तिच्या हातून शब्द चुकले होते, वेळ चुकली होती, एकदा तर तिने जुळ्या भावांची अदलाबदल केली होती. पण पडद्यावर जे नाहीच ते तिने कधी लिहिलं नव्हतं. नसलेलं सांगणं म्हणजे या धंद्यात चोरीच. ज्यांना दिसत नाही त्यांनी विश्वास ठेवायचा कुणावर?

"माफ करा, काका," ती म्हणाली. "कसं झालं मला कळत नाही. मी खोडते ते."

तिने पेन उचललं. ऑपरेटरांनी तर्जनी वर केली.

"थांब. खोडू नकोस अजून. तू काय पाहिलंस ते सांग."

"काहीच नाही ना पाहिलं. तिथे काही नाहीच."

"आत्ताचं नाही. आधी पाहिलंस ते. तीन वेळा."

ती घुटमळली. मग डोळे मिटले. चित्र तर अजून तसंच होतं, काही केल्या पुसलं जात नव्हतं.

"वळणाशी येतो. मान डावीकडून वळते," ती म्हणाली. "कपाळावर केस आलेत. हातांना धरलंय, म्हणून त्याला ते मागे करता येत नाहीत. वर बघतो. हसत नाही. पण तोंड... काहीतरी म्हणणार असतो तसं अर्धं उघडतं."

"केस कपाळावर."

"हो."

"आणि हे पडद्यावर नाही."

"नाही."

"पण तू मला बनवत नव्हतीस."

"काका!" तिला आता खरंच रडू यायला लागलं. "तुम्हाला मी कशाला बनवू? मला दिसलं. त्या बाईचा चेहरा बघा ना, त्यानं वळून बघितल्याशिवाय कुणाचा चेहरा असा..." ती थांबली. चेहरा बघा, असं ती त्यांना सांगत होती.

ऑपरेटर रागावले नाहीत. त्यांनी कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, त्याची वायर नीट गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली. बटण्याने काचेतून हे पाहिलं आणि आपण चहा सांगून येतो असं म्हणून तो बाहेर गेला. चहा आतल्या किटलीतच होत असे.

"आमच्या दारापासून फाटकापर्यंत खडी टाकलेली होती," ऑपरेटर म्हणाले. "आमच्या पोराला नेलं ना, तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ. दोघं पोलीस आले होते, चांगले होते बिचारे, आवाज नाही चढवला. मी दारात उभा, ही माझ्या शेजारी. ते निघाले. फाटक वाजलं. मी हिला विचारलं, बघितलं का गं त्यानं मागे?"

वर्णनवालीने पेन खाली ठेवलं.

"हो म्हणाली. फाटकाशी वळून बघितलं म्हणाली. तुमच्याकडेच बघत होता." त्यांनी वायर सोडून दिली. "खडीवरचं पाऊल थांबलं की लगेच कळतं गं. लोखंडी जिन्यापेक्षा लवकर कळतं. नव्हतं थांबलं. मी कान देऊन उभा होतो, दुसरं काय करणार होतो? सरळ गेला तो."

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, बरं झालं." ते म्हणाले. "पण तिनं शर्टाची कॉलरसुद्धा सांगितली. एका बाजूनं आत दुमडली होती म्हणे. मी एक्स्चेंजचा माणूस. खोटं बोलणारा न विचारलेलं फार सांगतो, हे तिथं रोज ऐकलेलं. तेव्हाच मनाशी धरलं, ही माझं मन राखतेय. आंधळ्याला कोण पकडणार, असं वाटलं असेल तिला."

"असं नसेल हो वाटलं."

"ऐक तर. तिच्यावर चिडलो नाही मी कधी. उलट जपलं तिला. पोरगा सुटून आला, घरात होता दोन वर्षं, मी तो विषय काढू दिला नाही. तिनं एकदा काढला तर दटावलं. म्हटलं, ही त्याच्यासमोर तसं म्हणाली आणि त्यानं सांगितलं, 'नाही आई, मी नव्हतं बघितलं', तर हिनं तोंड कुठं लपवायचं? म्हणून जपलं. कळलं का? एवढा मी शहाणा."

शेवटचा शब्द त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारावी तसा उच्चारला. बाहेर बटण्या कुणाशी तरी उगाचच मोठ्याने बोलत होता.

"आणि तिला विचारणं सोडलं," ते म्हणाले. "त्याआधी सारखा विचारायचो मी. रस्त्यानं जाताना, खिडकीत बसलो की. समोरच्यांनी घराला कुठला रंग दिला. शेजारीण जाड झाली का. आभाळ भरलंय की नुसतं झाकोळलंय. तिला सांगायची हौस भारी. तुझ्यापेक्षा चांगलं सांगायची, राग मानू नकोस."

"नाही मानत."

"त्या दिवसानंतर मी एकदाही विचारलं नाही. अठरा वर्षं. सुरुवातीला ती आपणहून सांगायची. मी हं हं करायचो. मग तीही गप्प झाली. तिला वाटलं असेल, मला कंटाळा आला." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि ती बनवत नव्हती मला. तुझ्यासारखंच. तिला दिसला होता तो."

वर्णनवालीने हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. नऊ वर्षांत तिने त्यांना कधी असा हात लावला नव्हता. ते दचकले नाहीत. तिला त्यांची दया आली, आणि चार वर्षांपूर्वी गेलेल्या, तिने एकदाच पाहिलेल्या त्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली, की तिने ते मनगट घट्ट धरलं.

मग ते म्हणाले, "वळून बघतो, ते काढ आता. तिथं नाही ते."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते."

तिने जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं. खोलीत पेनाच्या टोकाचा आवाज तेवढा होता. मग वाचलं, "मुलगा उतरत जातो. आई कठडा धरून बघते. तिचे ओठ विलग होतात. हात वर येतो."

"पास," ऑपरेटर म्हणाले. "ज्याचा वळायचा त्याचा वळेल."

बटण्या आत आला. ओळ सहा सेकंदांत बसली, पहिल्याच फटक्यात. पाचला सात मिनिटं कमी होती. त्याने काम पाठवून दिलं, दोघांकडे एकदा पाहिलं आणि उरलेली वायरींची आवराआवर उद्यावर टाकून तो गेला.

वर्णनवालीने पर्स खांद्याला लावली, पण निघाली नाही. "काका, एक सांगू? तुमच्या मुलाला विचारा ना. आता तर विचारायला हरकत नाही."

"काय विचारू?"

"बघितलं होतं का म्हणून."

ऑपरेटरांनी खिशातून फोन काढला. त्यांचा फोन बोलणारा होता, एकेक नाव मोठ्याने उच्चारायचा, म्हणून तो कायम स्पीकरवरच असे. फोनने चार नावं घेतली आणि पाचव्याला 'मुलगा' म्हणाला. ती बाहेर जायला वळली तर त्यांनी हाताने खाली बस अशी खूण केली.

"बाबा?" पलीकडे यंत्राची घरघर होती. मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करत असे आणि दर रविवारी फोन करत असे. आज रविवार नव्हता. "काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. कामात आहेस?"

"लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. बोला."

"पडशील."

"नाही पडत हो. बोला ना."

एकतीस वर्षं दुनियेचे फोन जोडून दिलेल्या या माणसाला आपल्या फोनवर पुढचं वाक्य सापडेना. त्यांनी टेबलाची कड चाचपली.

"तुला नेलं ना," ते म्हणाले, "त्या सकाळी."

पलीकडची घरघर बंद झाली. काहीतरी लोखंडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू फाटकाशी वळून माझ्याकडे बघितलंस. तुझी आई सांगायची. तुला कधी बोललो नाही मी. बोलायला हवं होतं."

मुलगा इतका वेळ गप्प राहिला, की फोन कट झाला की काय असं वर्णनवालीला वाटलं. ऑपरेटरांना तसं वाटलं नसावं. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"आई असं म्हणाली?"

"हो. दवाखान्यातसुद्धा म्हणाली. जायच्या आदल्या दिवशी."

"तुमच्याकडे बघितलं म्हणून?"

"माझ्याकडे."

मुलाने नाक ओढलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज चाळिशीच्या माणसाचा राहिला नव्हता.

"मला तर वाटायचं, मान वर करायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती माझी. इतकी वर्षं तेच धरून बसलो होतो." तो म्हणाला. "पण आई म्हणाली ना? मग बघितलंच असणार मी. ती कशाला उगाच सांगेल?"

ऑपरेटरांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"तेच तर," ते म्हणाले. "ती कशाला उगाच सांगेल?"